दहावा माणूस

शेअर बाजारातली कामगिरी सुधारायची आहे म्हणता? मग आधी ती एसआयपी बंद करा. महिन्याला पाच हजार टाकून पंधरा वर्षं वाट बघणं मेहुण्याला शोभतं. तुम्ही ऑप्शनमध्ये या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत.

अॅप उघडलं की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या हुकमानं एक चौकट समोर येते: एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर्सना निव्वळ तोटा होतो. घाबरू नका. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये मान वर करा (करता आली तर) आणि मोबाइलवर भावाच्या आलेखातल्या हिरव्या-लाल मेणबत्त्या बघणारे नऊ चेहरे मोजा. कोटा तिथेच भरला. दहावे तुम्ही! ते नऊही त्याच वेळी मान वर करून मोजत असतील, तर दुर्लक्ष करा आणि खालचं बटण दाबा.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं तीन वर्षांचा हिशोब मांडला. एक कोटीहून जास्त ट्रेडर, त्यातले ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पण खरी कौतुकाची गोष्ट पुढे आहे: सलग दोन वर्षं तोटा खाऊनही तीन चतुर्थांशाहून अधिक लोक बाजारात टिकून राहिले. एवढी चिकाटी आपण दहावीच्या गणितात दाखवली असती तर!

आता शिस्त. पूर्वी सोमवार ते शुक्रवार रोज कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाच्या ऑप्शनची एक्सपायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, असायची. सेबीनं ती चैन मोडली. आता मंगळवार गणपतीचा आणि निफ्टीचा, गुरुवार दत्ताचा आणि सेन्सेक्सचा. दोन्ही दिवशी उपास धरा. जेवणाचा खर्च वाचतो आणि तो लगेच लागतोही.

स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाखाली गेलं की आपोआप विकण्याची सूचना) लावू नका, तो भित्र्यांसाठी आहे. त्याऐवजी अॅव्हरेज करा. १२० ला घेतलेला कॉल (भाव वाढेल यावरचा ऑप्शन) ६० वर आला की आणखी एक लॉट, म्हणजे तेवढाच गठ्ठा, उचला. ३० वर आला की दोन. बघा, तुमची सरासरी १२० वरून थेट ६० वर आली! एका दुपारी एवढी सुधारणा कुठल्या क्लासमध्ये होते? मंगळवारी साडेतीनला तोच कॉल पाच पैशांवर दिसेल, पण तोवर तुमचं सरासरी काढण्याचं गणित पक्कं झालेलं असेल.

समोर कोण बसलंय याचा विचार करून डोकं शिणवू नका. २०२३-२४ मध्ये मोठ्या ट्रेडिंग कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार मिळून साठ हजार कोटींच्या आसपास कमावून गेले, त्यातला जवळपास सगळा नफा संगणकी अल्गोरिदमचा. त्या यंत्रांना ना साहेबाची हाक येते, ना ऑफिसच्या संडासात बसून नऊ पंधराची घंटा गाठावी लागते. तुमच्याकडे मात्र टेलिग्रामचा ग्रुप आहे आणि त्यात रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे 'सर' आहेत. सर स्वतः एवढे कमावतात, तरी महिन्याला दोन हजारांची फी का घेतात, असं विचारू नका. ग्रुपमधून काढतात. (मला काढलं.)

घरी विचारलं तर 'मार्केट साइडवेज आहे', म्हणजे ना वर ना खाली, असं म्हणा. हे उत्तर मुंजीपासून बाराव्यापर्यंत कुठल्याही कार्यक्रमात चालतं.

आणि वर्षअखेरीस सीएंकडे जा. एफ अँड ओचा तोटा म्हणजे व्यवसायातला तोटा. म्हणजे तुम्ही आता व्यावसायिक झालात, प्राप्तिकराचा व्यावसायिकांचा फॉर्म, आयटीआर तीन, भरा. पगारातून तो वजा होत नाही, पण विवरणपत्र वेळेत भरलंत तर आठ वर्षं पुढे नेता येतो, व्यवसायात नफा होईल तेव्हा वळता करायला. सीएंना विचारा, आठ वर्षं पुरतील का. ते चष्मा काढून तुमच्याकडे बघतील, आणि मग या वर्षीची फी आधी मागतील.