जीन सापडला, मग गोळी का नाही?

रविवारी कट्ट्यावर चहा यायच्या आतच पम्यानं तोफ डागली. "कॅन्सरचे जीन सापडलेत ना? मग एकेकावर गोळी काढा की! कंपन्या मुद्दाम काढत नाहीत."

निमित्त त्याच्या मावशीचं. तिनं जन्मात तंबाखूला हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. रिपोर्टात 'ईजीएफआर एक्सॉन 19 डिलीशन', म्हणजे ईजीएफआर नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला, असं आलं आणि केमोऐवजी गेफिटिनिब सुरू झालं, रोज एक गोळी. तोंडावर पुरळ उठलं, पण धाप ओसरली आणि मावशी पुन्हा ओट्याशी उभी राहिली. हे डोळ्यांनी बघितलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

वर्षा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती म्हणाली, "मावशीचा जीन म्हणजे पेशींच्या वाढीचा अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर. त्याला अडवता येतं. पण पी-53 नावाचा जीन हा त्या वाढीचा ब्रेक आहे. कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडतो तो हाच, आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरमध्येसुद्धा. जो आधीच निकामी झालाय त्याला अडवणारी गोळी कसली देणार? तो पुन्हा चालू करणं फार अवघड काम आहे."

"मग स्तनाच्या कॅन्सरमधला बीआरसीए जीन? तोही ब्रेकच, आणि त्याच्यावर ओलापारिब हे औषध आहे," अण्णांनी बरोबर पकडलं.

"अण्णा, ते औषध बीआरसीएला शिवतही नाही. बीआरसीए बिघडलेल्या पेशीत डीएनए दुरुस्त करायची एक वाट बंदच असते. औषध पार्प नावाच्या एन्झाइमला अडवून दुसरीही बंद करतं. निरोगी पेशीची पहिली वाट चालू असते म्हणून ती तगते, कॅन्सरची मरते."

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते. बिघडलेल्या जीनला हात न लावता त्याच्या बिघाडाचाच फायदा घ्यायचा!

पम्या हटेना. "आणि कॅन्सरचा तो केरास जीन? 1982 पासून माहितीये, गोळी 2021 मध्ये?"

यात मात्र कुणाचा आळस नव्हता. केरासच्या प्रोटीनला औषध धरून बसेल अशी जागाच दिसत नव्हती. 2013 मध्ये केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेनं केरासमधल्या जी12सी या एका बदलाजवळची खोबण दाखवली, तिथून सोटोरासिबसारख्या औषधांची वाट मोकळी झाली. तीही फक्त त्या एका बदलापुरती.

तरी कंपन्यांवरचा त्याचा राग मी उडवून लावणार नाही. रक्ताच्या कॅन्सरवरचं, सीएमएलवरचं इमॅटिनिब 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन जो जोडजीन तयार होतो, त्याच्या प्रोटीनला ते अडवतं. 2013 च्या सुमारास भारतात ते काढणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता, इतर कंपन्यांच्या जेनेरिकचा आठ-दहा हजार. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला नसता, तर कितीजणांच्या घरी ती गोळी पोचली असती? जीन ओळखला, औषधही निघालं, आणि पेशंटनं पैशापायी सोडून दिलं, याची मला खरोखर चीड येते.

"पण मावशीची गोळी चालत राहील ना?" पम्याचा आवाज एकदम उतरला.

वर्षानं आडपडदा ठेवला नाही. "बहुतेकांना काही काळानं लागू पडेनाशी होते. त्यातल्या निम्म्यांत त्याच ईजीएफआरमध्ये टी790एम नावाचा नवा बदल सापडतो. त्यावर ओसिमर्टिनिब ही दुसरी गोळी आहे. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली, तर औषध बदलण्याआधी डॉक्टरांना ही टेस्ट विचार. आधी रक्तावर होते. त्यात काही आलं नाही, तर पुन्हा बायोप्सी करायची का, तेही विचार."