सोंडवाला फोटो

माझ्या बालपणाचा एकच फोटो आहे आणि त्यात मला सोंड आहे.

साल १९६४. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर आणि तिथला भाद्रपद, म्हणजे सूर्य दाराशी डोकावून चहा न घेताच जाणार. काकांच्या बॉक्स कॅमेऱ्याला नेमकं ऊनच लागायचं. रोलात फोटो आठ. त्यातले चार संपलेले, उरलेले दिवाळीपर्यंत पुरवायचे.

विसर्जनाच्या दुपारी ऊन पडलं. "चला चला, ऊन आलंय!" आजोबांनी कोट चढवला. आईनं माझ्या डोक्यावर एवढं तेल थापलं की ओघळ भुवईपर्यंत आला. काका कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या इवल्याशा काचेत बघायचे. त्या काचेत उजवं ते डावं दिसतं, हे काकांना फोटो काढताना कधी आठवलं नाही.

"पोराला डावीकडं घे."

आईनं घेतलं.

"अगं, डावीकडं!"

तिसऱ्या डावीकडंला मी तुळशीवृंदावनाला टेकलो. शेवटी आजोबांनीच कॉलर धरून मला शेजारी उभं केलं, तोवर ढग आला. सगळे तसेच, श्वास धरून.

"आणि किती येळ ओ? नैवेद्य थंड व्हायलाय," आजी.

"आलं ऊन! हलू नको की रे!" टक्.

लगेच गणपती ओसरीवर आणला. कपिलेश्वर तलावाकडं निघायची घाई. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतला आकडा बघत रोल पुढं फिरवायचा असतो. काकांनी फिरवला नाही. टक्.

रोल धुऊन आला तो दिवाळीनंतर. आजोबांच्या कोटातून मोदक निघालेला, मला सुपाएवढे कान आणि नाकाच्या जागी सोंड. काका फाडायला निघाले, आजीनं हिसकावून घेतला. "देव आलाय त्यात!"

मागं आजोबांचं अक्षर आहे: 'बेळगाव, मुंबई राज्य'. बेळगाव १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलं, १९६० साली तर मुंबई राज्यच उरलं नाही. आजोबांना दोन्ही बातम्या मंजूर नव्हत्या.

फोटो देवघरात गेला. आजीनं रोज हळदकुंकू लावलं, पुढं आईनं, आता बायको लावते. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, ह्यात तू कुठं आहेस?"

मी कुंकवाच्या थरावर बोट ठेवलं. जरा नखानं खरवडून दाखवणार होतो, तर आतून आवाज आला, "आंघोळ झाल्याय काय तुमची?"