"एक गेम, तीन पुस्तकं, तिप्पट लूट": या मेसेजमधलं काय चुकलंय ते सांगते

गेले कित्येक महिने एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात त्याचं म्हणणं असं की डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या गेमची नवी एडिशन म्हणजे एकच गेम मुद्दाम तीन पुस्तकांत तोडून विकायचा प्रकार. पूर्वी एका बॉक्समध्ये अख्खा गेम मिळायचा, आता तिन्ही पुस्तकं घेतल्याशिवाय खेळताच येत नाही, पुस्तकं एकाच दिवशी काढता आली असती पण पैसे उकळायला मध्ये महिने सोडले, आणि तुमची जुनी पुस्तकं तर आता रद्दीच. आमच्या टेबलवर नव्याने येणारी दोन माणसं हा मेसेज वाचून "एवढा खर्च नाही जमायचा" म्हणून मागे फिरली, तेव्हा ठरवलं की हे सविस्तर लिहायचंच. मी बरीच वर्षं डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस सांभाळणारी) म्हणून टेबल चालवतेय, हा गेम मला मनापासून आवडतो, आणि चुकीच्या माहितीमुळे कुणी खेळायचं राहिलं की खरंच वाईट वाटतं.

आधी तो बॉक्स बघू, कारण अख्खा मेसेज त्याच आठवणीवर उभा आहे.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला गेम आला तो खरंच एका बॉक्समध्ये आला, दहा डॉलरला. पण बॉक्स उघडला की आत काय होतं? तीन छोट्या पुस्तिका! म्हणजे तीन भाग पहिल्या दिवसापासूनच आहेत, एक माणसांचा आणि जादूचा, एक राक्षसांचा आणि खजिन्याचा, एक डंजन आणि रानावनातल्या भटकंतीचा. फासे आत नव्हते, ते वेगळे घ्यायचे. लढाईसाठी 'चेनमेल' नावाचा वेगळा नियमसंच हाताशी आहे असं धरलेलं होतं, आणि रानातल्या प्रवासासाठी तर चक्क दुसऱ्या कंपनीच्या बोर्डगेमचा बोर्ड वापरा असं सुचवलेलं होतं. आणि थीफ, जो क्लास (म्हणजे पात्राचा प्रकार) आज प्रत्येकाला गेमचा पाया वाटतो, तो त्या बॉक्समध्ये नव्हताच, तो 1975 च्या पुरवणीत आला, जी अर्थातच वेगळी विकत घ्यायची होती. दहा डॉलर ऐकायला कमी वाटतात पण महागाई धरली तर आजचे साठाच्या वर जातात.

मग लोक म्हणतात की नाही नाही, आम्ही 1983 च्या लाल बॉक्सबद्दल बोलतोय. तो बॉक्स सुंदर होता यात वादच नाही, एकट्याने बसून वाचत वाचत गेम शिकता यावा अशी त्याची रचना होती आणि मला आजही नवशिक्यांसाठी तीच पद्धत सगळ्यात चांगली वाटते. पण त्यात लेव्हल (पात्राच्या प्रगतीच्या पायऱ्या) फक्त एक ते तीन होत्या. चौथ्या लेव्हलला पोचलात की निळा बॉक्स, पंधराव्याला हिरवा, सव्विसाव्याला काळा, आणि त्याच्याही पुढे सोनेरी. पाच बॉक्स झाले, आणि ते 1983 ते 1986 असे टप्प्याटप्प्याने आले. यालाच जर कुणी "अख्खा गेम एका बॉक्समध्ये" म्हणत असेल तर त्यांनी पहिलाच बॉक्स खेळलाय एवढाच त्याचा अर्थ.

आणि ॲडव्हान्स्ड एडिशन? राक्षसांचं मॉन्स्टर मॅन्युअल 1977, खेळाडूंचं प्लेयर्स हँडबुक (पीएचबी) 1978, डीएमची गाइड (डीएमजी) 1979. तीन पुस्तकं, तीन वर्षं. तुलनेसाठी आत्ताचं बघा, नवी पीएचबी सप्टेंबर 2024, डीएमजी नोव्हेंबर 2024, मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी 2025. म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पाच महिने. तोडून विकायची पद्धत नवी नाही, उलट अंतर आधीपेक्षा कमी झालंय.

आता "तिन्ही घेतल्याशिवाय खेळता येत नाही". हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण यामुळेच माणसं दारातून परत जातात.

तीन पुस्तकं ही एका माणसासाठीच्या तीन हप्त्यांसारखी नसतात, ती टेबलवरच्या वेगवेगळ्या खुर्च्यांसाठी असतात. खेळाडूला फार तर पीएचबी लागते, बाकी दोन डीएमची. आमच्या टेबलवर पाच जण खेळतात आणि सगळ्यांत मिळून पीएचबी दोन आहेत, एक माझी आणि एक अशी जी सेशनभर या हातातून त्या हातात फिरत असते, तिच्या स्पेलच्या (मंत्रांच्या) पानांच्या कडा आता पिवळट झाल्यात आणि मधे कुणीतरी बुकमार्क म्हणून ठेवलेली जुनी कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) तशीच आहे. कुणाचंही काही अडलेलं नाही. एका पुस्तकाची छापील किंमत 49.99 डॉलर, तिन्ही मिळून दीडशेच्या घरात, पाच जणांत वाटली तर माणशी तीस, आणि ती एडिशन पुढे किती वर्षं चालते याचा हिशोब तुम्हीच लावा. बरं, आधीच्या, 2014 च्या पीएचबीची किंमत होती 49.95 आणि पानं 320. 2024 ची 384 पानं आहेत. दहा वर्षांत किंमत चार सेंटने वाढली आणि पानं चौसष्टने. तिप्पट कुठनं आलं?

शिवाय एक पैसा खर्च न करताही सुरुवात होते, हे तर त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. 2014 ला बेसिक रूल्सची फुकट पीडीएफ पीएचबीच्या आधी आली होती. यावेळी फुकटचे नियम कंपनीच्याच साइटवर ठेवलेत, आणि एप्रिल 2025 मध्ये एसआरडी 5.2, म्हणजे गेमच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, कुणालाही फुकट वापरता येईल अशा क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आलं, त्यात बाराच्या बारा क्लास आहेत, प्रत्येकाचा एक सबक्लास (उपप्रकार) आहे, राक्षस आहेत, जादूच्या वस्तू आहेत. पुस्तकात प्रत्येक क्लासचे चार सबक्लास मिळतात, इथे एक. पण पहिला कॅम्पेन खेळायला एक पुरतो हो! नव्या माणसाला मी पुस्तक घ्यायला सांगतच नाही, आधी चार सेशन खेळ, आवडलं तर बघू.

मग राहिला प्रश्न मधल्या महिन्यांचा, की एकाच दिवशी काढायला काय हरकत होती. हरकत नव्हती, तसं करूनही झालंय. चौथी एडिशन 6 जून 2008 ला आली, तिन्ही पुस्तकं एकाच दिवशी, एकत्र केसमधला सेटसुद्धा होता. आणि मग काय झालं? स्किल चॅलेंज (लढाईऐवजी कौशल्यांनी अडचण सोडवायचे नियम) हा त्या एडिशनच्या डीएमजीमधला अगदी गाजावाजा केलेला भाग, त्याचे आकडे महिन्याभरातच अधिकृत दुरुस्ती काढून बदलावे लागले, म्हणजे नवंकोरं पुस्तक हातात आणि त्यातला तक्ता आधीच जुना. राक्षसांचं डॅमेजचं गणित नीट बसायला तर 2010 मधलं तिसरं मॉन्स्टर मॅन्युअल उजाडलं. एकाच दिवशी काढलं म्हणूनच हे झालं असं मी म्हणत नाही, पण एकाच दिवशी काढलं की ग्राहकाचं भलं होतं हे काही त्यातून दिसत नाही. तीन जाडजूड पुस्तकं, आणि एकातला नियम बदलला की उरलेल्या दोन्हीत त्याचे धागे, कुणीही थोडंफार संपादनाचं काम केलंय त्याला कळेल की शेवटच्या महिन्यात तिन्ही एकदम बंद करायची म्हणजे काय होतं. 2014 ला डीएमजी नोव्हेंबरवरून डिसेंबरवर गेली. गेली तर गेली, अर्धवट पुस्तकापेक्षा महिनाभर थांबलेलं परवडतं.

आणि मधल्या काळात खेळणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलेलं नसतं. 2014 ला पहिलं मोठं ॲडव्हेंचर (तयार कथानकाचं पुस्तक) आलं तेव्हा मॉन्स्टर मॅन्युअल बाजारात नव्हतं, तर त्या ॲडव्हेंचरला लागणारे राक्षस आणि जादूच्या वस्तू वेगळ्या फुकट पीडीएफमध्ये दिल्या होत्या. नव्या पीएचबीच्या मागेही प्राण्यांचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) आहेतच.

"मग सगळं एकाच पुस्तकात द्या की" असंही म्हणतात. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या गेमने दिलं होतं. 2009 ला 576 पानांचं, 2019 ला दुसऱ्या एडिशनचं 640 पानांचं. उचलून बघा एकदा, आणि पाच जण ते एकच पुस्तक एकाच वेळी मागतायत असं चित्र डोळ्यासमोर आणा. तरीही राक्षस त्यात मावले नाहीत, त्यांचं पुस्तक वेगळंच होतं. आणि 2023 ला त्यांनी स्वतःच ते फोडून खेळाडूंचं वेगळं आणि जीएमचं (त्यांच्याकडचा डीएम) वेगळं केलं. त्यांचे नियम आधीपासून ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, तरी फोडलं, कारण टेबलवर ते सोयीचं पडतं.

सोयीवरून आठवलं, 1989 ला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या एडिशनमध्ये राक्षसांचं पुस्तकच काढलं नव्हतं, तीन रिंगांचं बाइंडर काढलं होतं. कल्पना छान होती, सुटी पानं, नवा संच घेतला की अकारविल्हे मधे घालायची, सेशनला लागतील तेवढीच पानं बाहेर काढायची. मी एका जुन्या खेळाडूकडचं हाताळलंय. पानाच्या एका बाजूला एक राक्षस आणि मागच्या बाजूला दुसरा, त्यामुळे नव्या संचातलं पान मधे घालायला गेलात की समोरचा जागेवर बसतो आणि पाठचा चुकतो. भोकं फाटलेली, काहींवर पांढरे रिंग चिकटवलेले, आणि ड्रॅगनची पानं गायबच, कारण ती कुठल्यातरी सेशनला काढली आणि परत आलीच नाहीत. 1993 ला शेवटी एक बांधीव पुस्तक काढलं. म्हणजे वेगळी पॅकेजिंग करून बघितलीच नाही असंही नाही, बघितली, आणि लोक पुन्हा बांधीव पुस्तकावर आले.

जुनी पुस्तकं रद्दी झाली म्हणणाऱ्यांसाठी एकच प्रसंग सांगते. ऑक्टोबर 2024, आमच्याकडे नवी पीएचबी आलेली, मॉन्स्टर मॅन्युअल 2014 चं. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरने ओगर या राक्षसावर बॅटलॲक्स चालवली आणि नव्या वेपन मास्टरीतलं 'टॉपल' (शत्रूला आडवं पाडायचा डाव) वापरलं. नियम नवीन पुस्तकातला, सेव्हचा डीसी 13, म्हणजे आडवं न पडायला ओगरला एकूण तेरा हवेत. मी जुन्या पुस्तकाचं पान उघडलं, ओगरचं कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) 16, म्हणजे फाशात अधिक तीन. फासा टाकला, सात आला, दहा झाले, ओगर आडवा. काही जुळवून घ्यावं लागलं नाही, कुणाला कळलंसुद्धा नाही की दोन वेगवेगळ्या एडिशनची पुस्तकं टेबलवर उघडी आहेत. तिन्ही पुस्तकं यायची वाट बघत बसलो असतो तर तो अख्खा हिवाळा खेळ झालाच नसता.

स्पेशल कव्हरवरही मेसेजमध्ये एक ओळ आहे. आतली पानं तीच असतात, नको असेल तर घेऊ नका, विषय संपला.

पण राग यायची जागा नाहीये असं मी म्हणत नाही. ती पुस्तकांच्या संख्येत नाही, डिजिटलमध्ये आहे. 2024 मध्ये डीअँडडी बियाँड या कंपनीच्या साइटवर पुस्तकातला एखादाच सबक्लास किंवा एखादाच राक्षस सुटा विकत घ्यायची सोय काढून टाकली, ज्याला एकच गोष्ट हवी त्यानेही अख्खं पुस्तक घ्यायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या स्पेलच्या जागी कॅरेक्टर शीटवर आपोआप नवे स्पेल दिसतील असं जाहीर केलं होतं, म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या गोष्टी शीटवरून जाणार होत्या, लोकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. आणि नव्या कोअर पुस्तकांची साधी पीडीएफ कंपनी आजही विकत नाही, जी आपल्याकडे सेव्ह करून ठेवता येईल, साइट बंद पडली तरी उघडता येईल. एसआरडीसाठीही पीएचबीनंतर सात महिने थांबावं लागलं, ते पहिल्या दिवशी हवं होतं. मेसेज फॉरवर्ड करायचाच असेल तर या चार गोष्टी लिहून करा, मी पहिली सही करेन.

बाकी ती मागे फिरलेली दोन माणसं, त्यांना मी फुकटच्या नियमांची लिंक पाठवलीय. एकीला ड्रूइड (निसर्गाची जादू वापरणारा क्लास) खेळायचाय, दुसऱ्याचं अजून ठरत नाहीये. शनिवारी शीट भरायला बसतोय.