मुळाशी मोठी सिस्ट म्हणजे दात गेलाच, हे खरं नाही

एक्स-रेत दाताच्या मुळाभोवती मोठा काळा डाग दिसला, की एक मेसेज हमखास हाती येतो: ‘एवढी मोठी गाठ आपोआप जात नाही. दात काढा, हाड उघडून गाठ खरवडून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ तो वाचून वाचवता येण्यासारखे दात काढून घ्यायला तयार झालेली माणसं माझ्यासमोर बसतात, म्हणून हे लिहिते आहे.

काळा डाग म्हणजे हाड विरघळलेली जागा. ती सिस्ट (पाणी भरलेली पिशवी) आहे की ग्रॅन्युलोमा (सुजेमुळे तयार झालेला मांसल गोळा), हे नुसत्या एक्स-रेवरून ठामपणे सांगता येत नाही.

‘गाठ कापल्याशिवाय जात नाही’ ही खरी गफलत. दाताची नस मेली की आतल्या जंतूंमुळे मुळाच्या टोकाशी सूज धरते, दात घडताना मागे राहिलेल्या पेशी तिथे वाढू लागतात, पाणी साचून पिशवी फुगते आणि हाड झिजतं. जंतू काढले, दाब उतरवला, की पिशवीचा जोर ओसरतो. रूट कॅनालसाठी दात उघडल्यावर कधी कधी पिवळसर पाणी झिरपत येतं. उजेडात त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमकतात. ते वाहू द्यायचं, कॅनाल धुवायचा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरायचं. सिस्ट फारच मोठी असेल तर हिरडीला छोटं छिद्र पाडून बारीक नळी बसवतात आणि रुग्ण घरी सिरिंजने सलाइन सोडून ती धुतो. दाब उतरवण्याची ही कल्पना नवी नाही. जर्मन सर्जन कार्ल पार्च यांनी ती १८९२मध्येच मांडली होती.

‘छोटं छिद्र म्हणजे अर्धवट काम’ हेही उलटं आहे. मोठी पिशवी एका दमात खरवडताना शेजारच्या दातांच्या नसा, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस, वरच्या दातांवरची सायनसची पोकळी, सगळ्यांनाच इजा होऊ शकते. पिशवी आकसू दिली तर हाड कडेकडून भरत येतं. त्याला महिने लागतात, कधी वर्षं; तोवर ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहावं लागतं.

कॅन्सर? अशा सिस्टमध्ये तो अत्यंत विरळ.

शस्त्रक्रिया कधीच लागत नाही, असं मात्र नाही. मुळापासून अलग, बंद झालेली पिशवी रूट कॅनालला दाद देईलच असं नाही. मूळ उभं चिरलं असेल तर दात बहुधा काढावाच लागतो. आणि दात जिवंत असेल, म्हणजे नस मेलेली नसेल, तर गाठ वेगळीच असू शकते: केराटोसिस्ट किंवा अमेलोब्लास्टोमा, म्हणजे मेलेल्या नसेशी संबंध नसलेल्या जबड्यातल्या गाठी. तिथे रूट कॅनाल नव्हे, तुकडा काढून तपासणी हवी. म्हणून दात काढायला होकार देण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: दातावर थंड लावून तो जिवंत आहे का, हे पाहिलंत का?