वाट पाहणाऱ्यांना संगीत कळत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या नाट्यगृहात मैफल सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासावर मी लेख लिहिला होता. त्यावर 'एक जाणकार' या नावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: जुन्या नाट्यगृहांत बसायला त्रास होतो, कार्यक्रम उशिरा सुरू होतात, घरी हेडफोनवर जास्त स्वच्छ ऐकू येतं. आणि शेवटी हे वाक्य: 'ज्यांना संगीत कळत नाही, तेच पडदा उघडण्याआधीच्या वातावरणात रमतात.'

खुर्च्या अरुंद असतात, गुडघे पुढच्या पाठीला टेकतात, बाल्कनीत एखादा खांब नेमका आड येतो. मान्य, लेखात याचा उल्लेख यायला हरकत नव्हती. उशिराची तक्रार आयोजकांकडे करा. हेडफोन लावून ऐकायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

पण ते शेवटचं वाक्य लेखाबद्दल नाहीच, ते माझ्याबद्दल आहे. मला काय कळतं नि काय नाही, हे तुम्ही एका लेखावरून ठरवून टाकलंत. लेख आवडला नाही म्हणणं वेगळं आणि लिहिणाऱ्याची अक्कल काढणं वेगळं. तुम्ही हे वाक्य इतक्या सहज लिहिलंत, याचंच जास्त वाईट वाटलं.

माझे वडील नाट्यगृहात दिव्यांचं काम करायचे. शाळा सुटली की मी विंगेत. त्या वयात रागदारी किंवा सिंफनी यातलं काही कळत नव्हतं, पण दुपारी रिकाम्या सभागृहात कलाकार काय करतात ते रोज दिसायचं. कुणी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायचं आणि ती विरेपर्यंत कान देऊन थांबायचं. कुणी एकच ओळ वाजवून मागच्या रांगेत जाऊन बसायचं. आणि जवळजवळ प्रत्येकजण एकच सांगून जायचा: माणसं आल्यावर बघू. त्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ नंतर, ध्वनिशास्त्राची पुस्तकं वाचताना लागला.

हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकाकडे १८९५ मध्ये एक काम आलं. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात आवाज इतका घुमायचा की वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जायचे. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि थोड्या थोड्या मांडून, ऑर्गनच्या नळीचा सूर थांबल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत बसला. गाद्या वाढल्या की तो वेळ घटायचा. माणसांचंही तसंच. अंगावरच्या कपड्यांसकट प्रत्येक श्रोता आवाज शोषून घेतो. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचं १८७० सालचं सोनेरी सभागृह घ्या: रिकामं असताना तिथला निनाद सुमारे ३ सेकंद टिकतो, भरल्यावर २ सेकंदांच्या आसपास येतो. एक सेकंदाचा हा फरक तिथे येऊन बसलेल्या माणसांनी केलेला असतो.

म्हणजे ज्या अर्ध्या तासाला तुम्ही 'वातावरण' म्हणून बाजूला सारता, त्यात सभागृह बदलत असतं. दुपारी कलाकाराने ऐकलेली जागा संध्याकाळी उरलेलीच नसते. गर्दीने आणि दिव्यांनी हवा तापते, तापलेल्या हवेत बासरी-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांचा सूर चढतो आणि तारा सैल पडून उतरतात. म्हणून तर वाद्यवृंद सगळे जागेवर बसल्यानंतर ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर पुन्हा जुळवून घेतो. रांगा भरताना खालची कुजबूज ऐकायला आधी टोकदार लागते, मग हळूहळू मऊ होत जाते. हा बदल मी कानांनी ऐकतो आणि त्यावरून आता आवाज कसा लागेल याचा अंदाज बांधतो. यात रमणाऱ्याला संगीत कळत नाही? मग कशात रमणाऱ्याला कळतं, तेही एकदा लिहा.

वाट पाहण्याला तुम्ही रिकामपण समजता, तेही मला पटत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना त्यांचंच आवडतं संगीत ऐकवून मेंदू तपासला. अंगावर काटा येणाऱ्या जागेच्या काही सेकंद आधीच, ती येणार या अपेक्षेनेच, डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन स्रवू लागतं असं त्यांना आढळलं. अर्धा तास आणि काही सेकंद यांत अंतर आहे, ते मी नाकारत नाही. पण अपेक्षा हा ऐकण्याचाच भाग आहे, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

तुम्ही बरंच संगीत ऐकलं असणार, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. म्हणूनच जास्त लागलं. उत्तर द्यायचं असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाच्या मुद्द्यावर द्या, मी सविस्तर बोलेन. पुन्हा माझ्या समजेबद्दलच लिहिणार असाल, तर माझ्याकडून हे शेवटचं उत्तर समजा.