रॅझ बंद होणार नाही

आज सकाळी चहा गॅसवर होता अन् मोबाईल उघडला तर आपल्या शनिवारच्या पोकरच्या ग्रुपवर मेसेज. "ताई, ते रॅझ अन् स्टड काढून टाका ना, म्हाताऱ्यांचे गेम आहेत ते. फक्त होल्डम ठेवा, पाच हजाराचं बाय-इन करा, मग बघा कशी मजा येते." (बाय-इन म्हणजे टेबलावर बसायचे पैसे.) चहा उतू गेला. ओटा पुसत पुसत मी तो मेसेज तीनदा वाचला अन् तिसऱ्यांदा खाली बघितलं तर आमच्यातल्या नानांचा अंगठा. एक शब्द नाही, नुसता अंगठा. नानांनी रॅझला, स्वतःच्या गेमला, स्वतःच निरोप देऊन टाकला होता, अन् ते बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २०१८ च्या दिवाळीपासून आमच्याकडे जळगावला दर शनिवारी पत्ते असतात. सात जण. सातच का, तर स्टडमध्ये प्रत्येकाला सात पत्ते जातात, सात साते एकोणपन्नास, आठवा बसला की छप्पन्न आणि कॅटमध्ये आहेत बावन्न. पाच गेम फिरत राहतात, होल्डम, ओमाहा हाय-लो, रॅझ, स्टड आणि स्टड हाय-लो, म्हणजे एट ऑर बेटर. इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून त्याला जगभर हॉर्स म्हणतात. डीलरचं बटण (वाटायची पाळी कुणाची ते दाखवणारी चकती) टेबलाभोवती एक फेरी मारून आलं की गेम बदलतो. मधे एक जाड पुठ्ठा ठेवलेला असतो, त्यावर आत्ता कुठला गेम चालू आहे ते लिहिलेलं, कारण ओमाहात हातातले चारपैकी बरोब्बर दोनच पत्ते वापरायचे हे दर वेळी कुणीतरी विसरतंच. प्रत्येकी दोनशे रुपये स्टीलच्या डब्यात. त्या चौदाशेत रात्रीचं जेवण. कुणी एक रुपया घरी नेत नाही. ज्याच्या चिप्स जास्त तो पुढच्या शनिवारचा पहिला गेम ठरवतो, ज्याच्या कमी तो चिप्स रंगाप्रमाणे लावून ठेवतो, संपलं.

आणि रॅझ म्हणजे काय? आपली मुफलिस. तीन पत्तीत मुफलिस खेळतो ना, सगळ्यात लहान पत्त्यांचा जिंकतो, तेच, फक्त सात पत्त्यांतून, काही उघडे काही झाकलेले, पाच लावायचे. एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी लागली की सगळ्यात भारी. सीक्वेन्स, कलर काही मोजत नाहीत.

आता नानांचं सांगते. नाना रेल्वेत गार्ड होते, भुसावळला राहतात, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माझ्या नवऱ्याच्या ओळखीतले. पहिले पाच-सहा महिने ते आमच्याकडे येऊन नुसते हरायचे. तेव्हा आम्ही फक्त होल्डम खेळायचो, कारण सगळ्यांना यूट्यूबवर बघून तेवढंच येत होतं. नाना कधी ब्लफ मारायचे नाहीत, कुणी जोरात रेज केलं, म्हणजे बोली वाढवली, की पत्ते हळूच सरकवून द्यायचे अन् मग दहा-दहा मिनिटं दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचे. मला वाटायचं कंटाळले, पुढच्या वेळी नाही येणार. यायचे. मग एका शनिवारी नवऱ्यानं कुठंतरी वाचून रॅझ आणला अन् नाना म्हणाले, "हे तर मुफलिस आहे ना वो."

तो डाव मला आजही पत्त्या-पत्त्यानं आठवतो. बाकीचे पाच जण फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून बाहेर, उरलो मी आणि नाना. माझे झाकलेले एक्का-दुर्री, समोर चव्वी, तिर्री, राणी, राजा. नानांच्या समोर तिर्री, राजा, छक्की, पंजी. मला शेवटच्या पत्त्याला पंजी किंवा छक्की हवी होती अन् मला खात्री होती की येणार. पैसे... म्हणजे चिप्स लावल्या. आला गुलाम. नानांनी झाकलेले उलटे केले, एक्का आणि दुर्री. माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "अवो माय, तीन पंज्या उघड्या गेल्या, चौथी माह्यासमोर पडेल आहे. तू कोनाची वाट पाहत होती?"

सगळे गप्प. पाच जणांनी फेकलेले उघडे पत्ते, कुणाचा कुठला, कधी गेला, त्यांच्या डोक्यात सगळा हिशोब होता. छक्क्याही दोन गेल्या होत्या, तिसरी त्यांच्यासमोर, म्हणजे अख्ख्या कॅटमध्ये माझ्या कामाचा एक पत्ता उरला होता. होल्डममध्ये हे नसतंच हो, तिथं फोल्ड झालेले पत्ते झाकलेलेच जातात, लक्षात ठेवायला काही नाही. पाच-सहा महिने आम्ही ज्या माणसाला पोकर जमत नाही असं समजत होतो त्याला फक्त त्याचा गेम मिळाला नव्हता.

म्हणून पाच गेम. होल्डम जमणारा ओमाहात अडकतो, ओमाहावाला स्टडमध्ये, आणि सगळ्यांना शेंडी लावणारा रॅझमध्ये नानांसमोर गप्प बसतो. दर शनिवारी टेबलावरच्या प्रत्येकाची अर्धा-पाऊण तास तरी वेळ येते. एकच गेम ठेवा, मग दोन महिन्यांत दोन जण जिंकतात, तीन जण हरतात आणि उरलेल्या दोघांना शनिवारी नेमकं लग्न निघतं.

बरं, होल्डम शिकायला सोपा, फास्ट, हे मान्य. नवीन माणसाला स्टड हाय-लो समजावता समजावता माझा घसा बसतो, तेही मान्य. पण फास्टची घाई कुणाला आहे? स्टेशनवर गाडी उभी आहे का?

आणि "म्हाताऱ्यांचे गेम" म्हणणाऱ्याला एवढंच सांगायचं की २००६ साली लास वेगासला पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पन्नास हजार डॉलर एंट्रीची स्पर्धा पहिल्यांदा ठेवली ती होल्डमची नव्हती, हॉर्सची होती, कारण सगळे गेम येणारा खरा खेळाडू कोण हे बघायचं होतं. चिप रीस नावाचा अमेरिकन खेळाडू जिंकला. पुढच्या वर्षी तो वारला आणि आता त्या स्पर्धेच्या विजेत्याला त्याच्या नावाची ट्रॉफी देतात. हो, पहिल्या वर्षी टीव्हीसाठी फायनल टेबल होल्डमवरच खेळवलं होतं, माहितीये मला, नवरा आत्ताच मागून ओरडला. पण खेळाडू बोंबलले आणि दुसऱ्या वर्षी फायनलही हॉर्सच झालं.

पाच हजाराचं बाय-इन. हे वाचून मला खरं तर जास्त भीती वाटली. मेसेज टाकणारा हा मुलगा (नाव घेणार नाही, तो वाईट नाहीये) आधी मोबाईलवर खेळायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाईन गेम बंद झाले, आणि अशी बरीच मंडळी आता कुणाच्या तरी घरचं टेबल शोधत फिरताहेत. अंगठ्यानं खेळायची सवय, पत्ते आले की ऑल-इन, नाही आले की पुढचा डाव. मागच्या शनिवारी तो स्टडच्या फेरीत रील बघत होता. त्याची पाळी आली की आम्ही हाक मारायचो. पैशाशिवाय ब्लफला अर्थ नाही असं तो म्हणतो, थोडा अर्थ कमी होतो, खरंय. पण माझ्या घरात कायदा मोडून काही होणार नाही, १८८७ पासून जुगाराचा कायदा आहे आपल्याकडं, आणि कायदा सोडा, एखाद्याच्या पोराची फी माझ्या डायनिंग टेबलावर यावी हे मला चालणार नाही. आमचा खेळ लिमिटचा, त्यात रेज किती करायचं ते ठरलेलं असतं, नोटांचा ढीग सरकवून कुणाला घाबरवता येत नाही. नाना त्यामुळंच टिकले.

आपल्याकडं पत्त्यांना नाकं मुरडणारे पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कुठं असतात हे सगळ्यांना माहितीये. आखाजीला आम्ही पोरी झोक्यावर आणि पुरुष ओट्यावर पत्ते घेऊन. माझा झोका मुद्दाम काकांच्या ओट्याजवळचा, तिथून त्यांच्या हातातले पत्ते दिसायचे. तीन पत्ती मी तशी शिकले. ट्रेलपेक्षा (तीन सारखे पत्ते) प्युअर सीक्वेन्स (एकाच चिन्हाचे ओळीनं तीन) कमी वेळा लागते हे मी तेव्हा काकांना सांगितलं होतं, त्यांनी हसून पळवून लावलं. मोठेपणी मोजलं, २२,१०० हातांत ट्रेल ५२ आणि प्युअर सीक्वेन्स ४८. तरी मोठी धरतात ट्रेलच. मला तेव्हा ओट्यावर कुणी बसू दिलं नाही. आता टेबल माझं आहे, तर त्यावर कोण बसणार नाही हे कुणी बाहेरून ठरवायचं नाही.

जास्त बोलले का? असेल. पोरगं आहे, शिकेल, त्याला मी काढलेलं नाही. शनिवारी त्याला नानांच्या डाव्या हाताला बसवणार आहे आणि मोबाईल बाहेरच्या खोलीत.

दुपारी नानांना फोन केला. म्हणाले, "गुडघा दुखतो माय, या शनिवारी राहू दे." गुडघा त्यांचा, त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या तेव्हाही असाच दुखला होता. चार महिने दुखला. मग एका शनिवारी रात्री साडेआठला बेल वाजली, दारात उभे, हातात केळीच्या वेफरची पिशवी, आत येऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि विचारलं, "कोनता गेम चालू आहे?" आम्ही ओमाहा खेळत होतो. माझ्या नवऱ्यानं काही न बोलता मधला पुठ्ठा फिरवला आणि रॅझ लावला.

नाना, तुमची मुलगी हे वाचून दाखवेल तुम्हाला. बामणोदची वांगी सांगून ठेवली आहेत, भाजायला काड्या आहेत, कळण्याचं पीठ कालच दळून आणलं. शनिवारी पाच वाजता मी गाडी घेऊन भुसावळला येते. गुडघ्याला पट्टा बांधून तयार राहा. पहिला गेम रॅझ.