केसालाही धक्का लागणार नाही

नवी गाडी घेतल्यावर पहिले आठ दिवस माणूस गाडी चालवत नाही, तिची राखण करतो. दोन्ही बाजूंना जागा मोकळी असेल तरच मी गाडी लावायचो, आणि दहा मिनिटांनी परत येऊन शेजारी कोणी येऊन टेकलं नाही ना ते बघायचो. नवव्या दिवशी हायवेवर पुढच्या डंपरच्या चाकाखालून एक खडा उडाला. 'टक्' एवढाच आवाज. रेडिओ लावलेला असता तर ऐकूही आला नसता. पण मी रेडिओ लावत नव्हतो, गाडीचे आवाज ऐकत होतो.

बॉनेटवर मोहरीएवढा पांढरा ठिपका पडला होता. घरी आल्यावर बायकोला खाली नेऊन दाखवला, तर तिला तो सापडेना.

"अहो, पण कुठे?"

"अगं, हा काय!"

तिने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माशीची घाण असेल. नखाने निघेल." आणि नख पुढे केलं. त्या क्षणी माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो आमच्या २२ वर्षांच्या संसारात तिने प्रथमच ऐकला.

ज्याला त्याला सांगत सुटलो, आणि जो तो एकच सांगू लागला, "पीपीएफ करून टाका." पेंट प्रोटेक्शन फिल्म. शाळेत पुस्तकाला घालायचो तसलं पारदर्शक कव्हर, फक्त गाडीला. कव्हर घातलेलं पुस्तक वर्षभर कोरंकरकरीत राहायचं हे मला चांगलं आठवत होतं. ते का कोरं राहायचं, ते सोयीस्करपणे आठवत नव्हतं.

दुकानात गेलो. समोरच्या तरुणाने तीन रोल मांडले आणि इस्पितळात खोल्यांचे प्रकार सांगावेत तशा आवाजात सुरुवात केली. ही पीव्हीसी. कडक असते, वळणावर नीट बसत नाही, लवकर पिवळी पडते. ही टीपीएच. नाव टीपीयूच्या भावकीतलं वाटतं, पण आतून मऊ केलेली पीव्हीसीच. आणि ही टीपीयू. म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे खरी. मला वाटलं संपलं. पण टीपीयूतही दोन घराणी निघाली, अ‍ॅलिफॅटिक आणि अ‍ॅरोमॅटिक. उन्हात टिकायची तर अ‍ॅलिफॅटिकच घ्या, म्हणाला. "मग अ‍ॅरोमॅटिकला वास येतो का?" मी विचारलं. तो काही बोलला नाही. आमचे रसायनशास्त्राचे सरही अशा वेळी काही बोलायचे नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघायचे.

"आणि ते सिरॅमिक कोटिंग म्हणतात ते?"

"छान आहे की. पाणी घरंगळतं, धुळीला पाय रोवता येत नाहीत, धुणं सोपं होतं. पण तो थर जेमतेम दोनचार मायक्रॉनचा. खड्यापुढे सिरॅमिक म्हणजे गारपिटीत डोक्यावर वर्तमानपत्र. ही फिल्म बघा, २०० मायक्रॉन! तुमच्या गाडीचा कंपनीतला रंग प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळा धरला तरी साधारण १०० ते १५०."

म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मायक्रॉन मला डोळ्यांसमोर आणता येईना, तेव्हा तो म्हणाला, "माणसाचा केस असतो साधारण ७० मायक्रॉन. तीन केस एकावर एक ठेवा, झाली फिल्म." असं म्हणून त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि उदाहरण आवरतं घेतलं.

मग त्याने ठेवणीतली माहिती काढली. ही फिल्म मूळची गाड्यांची नव्हेच. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती उडणाऱ्या मातीखड्यांनी झिजू नयेत म्हणून हे पॉलियुरेथेन पुढे आलं, तिथून ते शर्यतीच्या गाड्यांवर गेलं आणि मग आपल्याकडे उतरलं. मी खुर्चीत उगाचच ताठ बसलो. माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे आणि ताशी ६०च्या पुढे बायको जाऊ देत नाही. पण संरक्षण आता हेलिकॉप्टरचं.

शेवटी प्रयोग. त्याने नमुन्याच्या काळ्या पत्र्यावर तारेचा ब्रश खसाखसा घासला. मी डोळे मिटून घेतले. किटलीतलं गरम पाणी ओतल्याबरोबर ओरखडे एकेक करून मिटले, पाटी कोरी. वरच्या थराला ऊब मिळाली की तो आपला आपण सावरतो, उन्हातसुद्धा. फक्त बारीक ओरखडे हं. किल्लीने खोल ओढलं तर ते तसंच राहतं. शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला. पुढचं मात्र मोठ्याने, "साहेब, केसालाही धक्का लागणार नाही!"

आता शहाण्या माणसाने तिथेच होकार द्यावा. पण हँडलमागच्या वाटीत, जिथे दार उघडताना नखं लागतात, तिथे लावायचे छोटे कापलेले तुकडे तयार मिळतात असं कळलं आणि मला हात शिवशिवायला लागले. एवढंसं तर काम! पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब टाकायचे, ते फवारायचं, फिल्म त्यावर तरंगत ठेवून जागेवर सरकवायची आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर काढायचं. शाम्पू घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने कौतुकाने विचारलं, "नातू की नात?"

पहिला तुकडा सरकला, सरकला आणि सरकतच राहिला. साबण जास्त झाला होता. दुसऱ्याला साबण कमी पडला, तो जिथे टेकला तिथेच, तिरका, कायमचा बसला. तिसऱ्याची एक कड वळली आणि दोन चिकट बाजू एकमेकींना भेटल्या. त्यांना वेगळं करता करता त्या माझ्या तर्जनीलाही भेटल्या. चौथा लागला. सुंदर लागला. फक्त फवारा आधी बोटांवरही मारायचा असतो हे मला नंतर कळलं, म्हणून डाव्या मागच्या दारावर माझ्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा फिल्मखाली उमटलेला आहे. उद्या गाडी चोरीला गेली तर पहिला संशयित मीच.

तर निमूटपणे परत दुकानात. पूर्ण गाडी की फक्त पुढचा भाग? अर्ध्या बॉनेटवरही लावतात, पण मग मधोमध रेघ दिसते आणि त्या रेघेत मळ बसतो; अर्धी दाढी करून लग्नाला जावं तसं ते. मी बंपर, अख्खं बॉनेट, दोन्ही फेंडर आणि आरसे, असं ठरवलं. कापायचं कसं, हेही विचारून घेतलं. संगणकावर आपल्या गाडीचा नमुना घालून प्लॉटरवर तुकडे आधीच कापता येतात, म्हणजे रंगावर ब्लेड चालवायला नको. मी म्हटलं, प्लॉटर. ब्लेड नको. लेखी द्या.

ठरलेल्या दिवशी गाडी एका बंद, पांढऱ्याशुभ्र खोलीत नेली. दुकानातला 'साहेब' मागे राहिला. आत काम करणाऱ्या पोराने मला पहिल्या वाक्यातच 'काका' केलं. आधी रंगाची जाडी मोजली. यंत्र टेकवायचं, आकडा वाचायचा. ११२, ११८, ११५. माझ्या नावावरच्या एखाद्या गोष्टीचे सगळे आकडे नॉर्मल यायची ही बऱ्याच वर्षांतली पहिलीच वेळ. (एखाद्या पत्र्यावर पुन्हा रंग मारलेला असेल तर पुढे फिल्म काढताना तो रंगही तिच्याबरोबर निघून येऊ शकतो, म्हणून हे मोजमाप.) मग त्याने दिवा तिरका धरला. माझ्या नव्याकोऱ्या गाडीवर कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल बारीक ओरखडे चमकू लागले.

"काका, रोज कोरड्या फडक्याने पुसता का?"

मी नाही म्हटलं. फडकं माझ्या खिशातून लोंबत होतं.

हे ओरखडे आधी काढायला हवेत, नाहीतर फिल्मखाली तेही जपून राहतील. म्हणून धुणं, लोखंडाचे कण सोडवणारा फवारा (गाडी जांभळे अश्रू ढाळते), मातीच्या गोळ्यासारखी क्ले घासणं, पॉलिश आणि शेवटी अल्कोहोलने पुसून घेणं. आमच्या लग्नात मला एवढं तयार केलं नव्हतं. खड्याच्या ठिपक्यावर त्याने काडीच्या टोकाने रंगाचा थेंब टेकवला. तो भरला, पण मला दिसतो.

"काका, बाहेर एसीत बसा. चहा आणतो."

मी बसलो नाही. आपल्या माणसाचं ऑपरेशन चालू असताना कोण बाहेर बसतं? दोघांनी मिळून ओली फिल्म बॉनेटवर अंथरली, तेव्हा मी वाकून पाहत होतो. "काका, जरा मागे व्हा." पट्टी मधून कडेकडे चालली, पाणी ओघळलं, खालचा रंग जसाच्या तसा वर आला, तेव्हा मी आणखी वाकून पाहत होतो. "काका, सावली पडतेय." बंपर मात्र हट्टी. त्याच्या वळणावर फिल्म ताणायची, हीट गनने ऊब द्यायची, पुन्हा सैल सोडायची. जास्त ताणली तर पांढऱ्या रेषा पडतात, कमी ताणली तर कोपऱ्यात चुण्या. पोराचा कपाळावरचा घाम बघून मला माझ्या चार तुकड्यांची लाज वाटली. कड आत वळवताना एका जागी फिल्म जास्त झाली, आणि त्याने खिशातून ब्लेड काढलं.

"प्लॉटर ठरलं होतं!"

"एवढंसंच, काका. रंगाला लागत नाही."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

डिस्चार्ज मिळताना सूचना मिळाल्या. आठवडाभर धुवायची नाही. प्रेशरचं पाणी कडांजवळ मारायचं नाही. पक्ष्याची शिट पडली तर तिथल्या तिथे पुसायची, ती आम्लधर्मी असते, फिल्मवरही डाग सोडते. बारीक बुडबुडे दिसतील. ते पाण्याचे, दोनतीन आठवड्यांत आपोआप सुकतील, दाबायचे नाहीत. वॉरंटी १० वर्षं. पिवळी पडली, तडकली, सुटली तर. "आणि खडा लागून फाटली तर?" "ते त्यात नाही येत, काका." कशासाठी हा सगळा घाट घातला होता ते मला आठवत होतं, पण वाद घालायची ताकद उरली नव्हती.

रोज रात्री जेवणानंतर मी मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली जाऊ लागलो. पहिल्या दिवशी बुडबुडे १४. आठव्या दिवशी ९. मग ३. वॉचमन सलाम ठोकून विचारायचा, "आज किती?" विसाव्या दिवशी बुडबुडा एकही नव्हता. होती ती बॉनेटच्या बरोबर मध्ये एक बारीक, वाकडी, रुपेरी रेघ. ओरखडा नाही, कारण नखाला लागत नव्हती. बुडबुडा नाही, कारण टोकं होती.

गाडी परत नेली. पोराने दिवा तिरका धरला, भिंग लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"केस आहे, काका."

"तुमच्यापैकीच कुणाचा तरी."

त्याने आपली टोपी काढली. दुसऱ्यानेही काढली. दोघांचे केस काळेभोर, दाट, तेल लावल्यासारखे. फिल्मखालचा पांढरा होता. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एवढा एक केस काढायचा तर बॉनेटचा अख्खा तुकडा सोलून नवा लावावा लागेल, आणि हे वॉरंटीत येत नाही, हे मात्र त्याने अगदी मायेने सांगितलं.

घरी येऊन बायकोला बॉनेटजवळ नेलं. खड्याचा ठिपका तिला अजूनही दिसत नाही. केस चष्म्याशिवाय दिसला. तिने त्यावरून हलकेच बोट फिरवलं, वरची फिल्म गुळगुळीत होती. मग माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाली, "चला, एक तरी टिकला."